छत्तिसावा गाळा

पायपीटला मोटरसायकल चालवता येते, हे मला तो निवृत्त व्हायच्या वर्षी कळलं. तोवर आम्ही सगळे धरून चाललो होतो की येत नाही म्हणून तो चालतो. त्याचं नाव त्यावरूनच पडलेलं. हजेरीपटावर वेगळं काहीतरी होतं, पण पगाराच्या दिवसाखेरीज ते कुणी उच्चारत नसे.

आम्ही दोघे विजेच्या एका उपकेंद्रात होतो. मी आत टेबलाशी, तो बाहेर माळावर. वीजवाहिनीची गस्त घालणं हे त्याचं काम. टॉवरपासून टॉवरपर्यंत जायचं, मान वर करून तारा बघायच्या, तार टांगलेली काचेची एखादी चकती तडकली आहे का, कुणी बोल्ट काढून नेलेत का, खालची झुडपं फार वाढलीत का, हे टिपायचं आणि संध्याकाळी गस्तीचा कागद माझ्याकडे द्यायचा. दोन टॉवरांमधल्या अंतराला आमच्यात गाळा म्हणतात. त्याच्याकडे एकशे अठरा गाळे होते. बाकीचे गस्तवाले गाडीवरून भुर्रकन जाऊन यायचे. हा सगळे पायी संपवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायचा. इतकी वर्षं वर बघून त्याची मान तशीच राहिली होती. जेवतानाही हनुवटी अंमळ वर. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "ताटात बघा जरा, छताला काही लोंबत नाहीये."

वहिनी शिवणकाम करायच्या, शाळेची दप्तरं शिवून द्यायच्या. उपकेंद्राच्या कुंपणाला लागून त्यांचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. एका खोलीत मशीन आणि दप्तरांचे ढीग, दुसरीत बाकीचा संसार. दिवसरात्र ट्रान्सफॉर्मरची घूंघूं भिंतीतून यायची. कधी नातलगांकडे मुक्कामाला गेले तर त्या आवाजावाचून तिघांनाही झोप लागत नसे. तिसरी म्हणजे त्यांची मुलगी. तिने विजेचाच डिप्लोमा केला आणि आमच्याच उपकेंद्रात कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागली. दर सहा महिन्यांनी कंत्राट संपायचं, पुन्हा मिळायचं. कायम होण्याची फाइल सहा वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. ती मला काका म्हणायची. कंट्रोल रूमच्या काचेआड बसून फोनवर आकडे सांगताना तिचा आवाज ऐकला की पायपीट दारात क्षणभर थांबायचा आणि मग उगाच काहीतरी विसरल्यासारखं करून निघून जायचा.

माळ ओलांडणारी मोठी वाहिनी आली ती आमच्या नोकरीच्या मध्यावर. पलीकडच्या पठारावर पवनचक्क्या बसल्या होत्या, त्यांची वीज शहराकडे न्यायची होती, आणि नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर मध्ये हा माळ येत होता. सरकारी कागदांत माळाची नोंद 'पडीक' अशी होती. पडीक म्हटलं की कुणाला विचारायची गरज उरत नाही. उद्घाटनाला स्वच्छ विजेवर भाषणं झाली. ती भाषणं खोटी होती असं मी म्हणणार नाही. धूर नाही, राख नाही, वीज खरोखरच स्वच्छ होती.

त्या माळावर माळढोक होते. चित्रात पाहिला असेल तुम्ही. उभा राहिला की माणसाच्या कमरेला लागेल एवढा, लांब फिकट मान, आणि चाल अशी, की कार्यक्रमाला उशिरा आलेले प्रमुख पाहुणे. उडतो, पण नाइलाज झाला तरच, कारण अंगाने फार जड. उडताना तो खाली जमिनीकडे बघतो आणि डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे नाकासमोरचं त्याला नीट दिसतच नाही. जाड तारा एक वेळ ऐनवेळी दिसतात. त्या चुकवायला तो वर उठतो, आणि वाहिनीवर वीज कोसळू नये म्हणून सगळ्यांच्या वर एक बारीक तार ओढलेली असते, तिच्यावर आदळतो. हे सगळं मला पायपीटने सांगितलं. मला स्वतःला माळावर जायची वेळ कधी आली नाही.

वाहिनी सुरू झाल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात त्याला पहिला पक्षी सापडला. गस्तीच्या कागदावर शेवटचा रकाना 'इतर' असा असतो. त्यात त्याने लिहिलं : 'गाळा ३४. मोठा पक्षी मेलेला. मान मोडली आहे.' मी दर महिन्याला या सगळ्या कागदांवरून एक अहवाल करून मुख्यालयाला पाठवायचो. त्याचा नमुना मुख्यालयानेच ठरवून दिलेला, आणि त्या नमुन्यात 'इतर' नव्हतं. म्हणून मी ते सोडून दिलं. चार वर्षांत त्याने असं सतरा वेळा लिहिलं आणि मी सतरा वेळा सोडून दिलं. त्यात माझा काही डाव नव्हता. जागाच नव्हती. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते मला पाठ झालंय.

मग विद्यापीठातून एक बाई आल्या. आम्ही त्यांना पक्ष्यांच्या बाई म्हणायचो. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पायपीटला गाठलं, कारण माळावर गाठण्यासारखं दुसरं माणूसच नव्हतं. दोन हिवाळे त्या त्याच्याबरोबर चालल्या. बाईंना वाटलं होतं एखादा वाटाड्या मिळेल. निघालं भलतंच. पक्षी कुठे निजतात, नर कुठल्या उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो, मादी अंडं कुठे घालते, सगळं त्याला ठाऊक होतं. अंडं उघड्या जमिनीवर घालते, तेही एकच. सकाळी पक्षी झऱ्याकडे जाताना बत्तीस ते एक्केचाळीस या गाळ्यांमधूनच वाहिनी ओलांडतात, हे त्यानेच दाखवून दिलं. बाईंनी पहिल्या वर्षी अकरा पक्षी मोजले, दुसऱ्या वर्षी पाच.

दोघांनी मिळून एक प्रस्ताव केला. त्या दहा गाळ्यांत तारा जमिनीखालून न्याव्यात. ते जमणार नसेल तर निदान तारेवर वाऱ्याने फिरणाऱ्या, चमकणाऱ्या चकत्या लावाव्यात, म्हणजे पक्ष्याला लांबून दिसेल. लिहिलं बाईंनी. नकाशा पायपीटने काढला, गस्तीच्या कागदाच्या पाठीवर, इतका नेटका की आमच्या साहेबांनी विचारलं, हा कुणाकडून करून घेतला.

साहेब, म्हणजे आमचे विभागीय अभियंता. वाईट माणूस नव्हता. प्रस्ताव घेऊन ते स्वतः मुख्यालयात गेले. जाताना पक्ष्यांच्या बाजूने होते, येताना खर्चाच्या बाजूने आले. तरी चौदा महिन्यांनी चकत्या मंजूर झाल्या. खोकी आली तेव्हा पायपीट ती स्वतः उतरवून घ्यायला उभा होता. मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता. माझ्यासाठी आणि शिपायासाठी त्याने स्वखर्चाने चहा मागवला, हे त्याच्या बाबतीत फार झालं.

चकत्या बसल्या तिसऱ्या गाळ्यापासून बाराव्यापर्यंत. तिथे वाहिनी हमरस्त्याच्या कडेने जाते. पवनचक्क्या बघायला परदेशी पाहुणे येणार होते आणि त्यांच्या गाड्या त्याच रस्त्याने जाणार होत्या. पायपीट साहेबांच्या केबिनमध्ये गेला. मी कागद घेऊन आतच उभा होतो.

"साहेब, पक्षी बत्तीसच्या पुढे ओलांडतात. तिसऱ्या गाळ्यात ते कधी आलेच नाहीत."

"पण पाहुणे तिथूनच जातात ना?" साहेब म्हणाले.

"मग बत्तीसचं काय?"

"ते पुढच्या टप्प्यात."

आमच्या खात्यात पुढचा टप्पा ही अशी जागा आहे की तिथे सगळं जातं आणि तिथून काही परत येत नाही. पायपीटला हे ठाऊक होतं. बाहेर येऊन तो पाणी प्यायला, पेला जागेवर पालथा घातला आणि गस्तीला गेला.

पक्ष्यांच्या बाईंच्या अभ्यासाची मुदत त्याच वर्षी संपली. त्यांना दुसरीकडे नदीतल्या कुठल्याशा प्राण्याचं काम मिळालं. निरोप घ्यायला आल्या तेव्हा त्यांची मान वर होत नव्हती. म्हणाल्या, "तिथे अजून दोनशे आहेत हो." पायपीटने त्यांची खोकी जीपमध्ये चढवली, दोरी आवळली आणि म्हणाला की बरोबर आहे, माणसाने उपयोग होईल तिथे जावं. त्याने ते मनापासून म्हटलं. बाईंना मात्र टोमणा लागल्यासारखा लागला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

आता वन्यजीव खात्याचं सांगतो, कारण सगळं पाप आमच्याच पदरात घालून घेण्यात अर्थ नाही. त्यांनी त्या पावसाळ्यात माळ हिरवा करायला घेतला. खड्डे खणले, रोपं लावली, काठ्या रोवल्या. माळढोकाला मोकळं गवत लागतं. चहूकडे लांबवर दिसलं तरच तो निर्धास्त असतो, आणि झाडी वाढली की तिच्यात कुत्री लपतात. कुत्री होतीच. शहराचा कचरा माळाच्या कडेला टाकायला लागल्यापासून त्यांच्या टोळ्या झाल्या होत्या आणि उघड्यावरचं अंडं म्हणजे त्यांना वाढून ठेवलेलं ताट. पायपीट आपण होऊन त्या खात्याच्या अधिकाऱ्याला जाऊन भेटला आणि निदान अंडी घालायच्या जागेवर तरी खड्डे नकोत म्हणून विनवू लागला. अधिकारी हसला. झाडं लावू नका म्हणणारा माणूस आपल्याला नोकरीत पहिल्यांदा भेटला, असं म्हणाला. पुढे बरेच दिवस त्यांच्या ऑफिसात हा विनोद चालला. आमच्याकडेही येऊन पोचला. मीही हसलो होतो.

शेवटच्या दोन वर्षांत माळावर एकच मादी उरली. नर नव्हता. पायपीटला ती आठवड्यातून एकदोनदा दिसायची, आणि दिसली की त्या दिवशी तो घरी जरा बोलायचा, असं वहिनी सांगत. वहिनींना त्या पक्ष्याचा राग होता. घरात दोन माणसं आहेत, त्यांच्याशीही अधूनमधून बोलत जा, असं त्या म्हणायच्या, आणि वर त्यालाच सकाळी विचारायच्या, दिसली का हो.

त्या वर्षी नर नसतानाही मादीने अंडं घातलं. त्यातून काही निघणार नाही हे पायपीटला कळत होतं. बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं की महिन्याच्या आत पिल्लू बाहेर येतं. ही दोन महिने बसून राहिली. उन्हात पंख अर्धे पसरून अंड्यावर सावली धरायची. कुत्र्यांच्या भीतीने पायपीट गस्तीचा क्रम बदलून रोज तिकडून जायला लागला, लांबूनच, वाट वाकडी करून. एक दिवस ती उठून गेली आणि परत फिरकली नाही. त्याने जाऊन पाहिलं. अंडं हलकं झालं होतं. त्याने ते तिथेच ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात, धुकं असलेल्या एका सकाळी, छत्तिसाव्या गाळ्याखाली ती त्याला सापडली. जिवंत होती. एक पंख खांद्यापासून मोडून लोंबत होता आणि ती दुसऱ्याच्या जोरावर उठून चालायला बघत होती. पायपीटने वन्यजीव खात्याला फोन लावला. गाडी जनजागृती फेरीला गेली आहे, म्हणाले. अर्ध्या तासाने पुन्हा लावला, तेव्हा कुणीतरी नाव, हुद्दा आणि पत्ता लिहून घेतला आणि वाट बघायला सांगितलं. तिसऱ्यांदा फोन कुणी उचलला नाही. मग त्याने अंगातला खाकी स्वेटर काढला, तिच्या डोक्यावर घातला म्हणजे ती शांत राहील, आणि तिला दोन्ही हातांवर घेऊन तो निघाला. हमरस्ता तिथून आठ-नऊ किलोमीटर. विसाव्या टॉवरच्या आसपास कधीतरी ती गेली. त्याला कळलं, कारण कोपरावर टेकलेली मान एकदम जड झाली. तो थांबला नाही. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना हात तसेच धरले होते.

रस्त्यावर एका भाजीच्या टेम्पोवाल्याने त्याला घेतलं. वन्यजीव खात्याच्या ऑफिसात जाऊन त्याने पक्षी टेबलावर ठेवला. तो हसणारा अधिकारीच समोर होता. त्या दिवशी हसला नाही. त्याने पायपीटला बसवलं, पाणी दिलं, आणि बराच वेळ त्या पिसांवर हात ठेवून नुसता उभा राहिला. एवढंच घडून थांबलं असतं तर मी त्या अधिकाऱ्याबद्दल चांगलं बोललो असतो.

मग फोन सुरू झाले. सहाच दिवसांपूर्वी मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं होतं की माळावर नऊ माळढोक आहेत आणि संख्या वाढते आहे. नऊ कुठून आले हे कुणालाच माहीत नव्हतं. आता पक्षी तारेवर आदळून मेला म्हटलं तर आमचं खातं अडकणार, आणि हा शेवटचा होता म्हटलं तर त्यांचं. दहा वर्षांत ज्या दोन खात्यांचं एका कागदावर एकमत झालं नव्हतं, त्यांचं दुपारी तीनपर्यंत झालं. संरक्षित पक्षी कुणीही उचलणं, जवळ ठेवणं, वाहून नेणं हा कायद्याने गुन्हा आहे. पक्षी कुणाच्या हातात होता? पायपीटच्या.

चार वाजता साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून जबाब सांगितला आणि मी टाइप केला. पायपीट समोरच्या खुर्चीत होता. स्वेटर नव्हता, शर्टाच्या बाह्यांना पिसांचा बारीक कोंडा लागला होता. साहेब त्याच्याशी फार मऊ बोलले. तुझ्या मुलीची फाइल माझ्या टेबलावर आली आहे, म्हणाले, यंदा तिचं काम होऊन जाईल. धमकी दिल्यासारखं अजिबात नाही. घरातली चांगली बातमी सांगावी तसं. मग त्यांना कुणाचा तरी फोन आला आणि ते बाहेर गेले. सही घ्यायचं काम माझ्यावर सोडलं.

पायपीटने कागद हातात घेतला. त्यावर होतं : 'सदर पक्षी मला वाहिनीपासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावर पडीक जमिनीत मृतावस्थेत आढळला. कुतूहलापोटी मी तो घरी नेण्याच्या उद्देशाने उचलला.'

त्याने दोनदा वाचलं. "कुतूहलापोटी म्हणजे?"

"म्हणजे सहज. बघायला."

"हे तू लिहिलंस?"

"साहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं."

"साहेब असं बोलत नाहीत," तो म्हणाला. "ही भाषा तुझी आहे."

केबिनच्या काचेतून पलीकडची कंट्रोल रूम दिसत होती. त्याची मुलगी फोन खांद्याशी धरून आकडे वाचत होती आणि मध्येच आमच्याकडे बघून, काय चाललंय, असं भुवयांनी विचारत होती. पायपीटने तिला हाताने, काही नाही, अशी खूण केली. मग माझ्याच खिशातलं पेन काढून घेतलं आणि सही केली. पेन टेबलावर न ठेवता त्याने ते परत माझ्या खिशात नीट अडकवलं. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

खटला आठ महिने चालला. पायपीट चार तारखांना गेला. गुन्हा कबूलच असल्यामुळे वाद घालायला काही नव्हतं. दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा. पाच वाजेपर्यंत तो बाकावर बसून होता. मी सोबत गेलो होतो, एवढं मी केलं. पुढे वन्यजीव खात्याच्या वार्षिक पुस्तिकेत छापून आलं की माळढोकासंबंधी वर्षभरात एक गुन्हा नोंदला गेला आणि एकात शिक्षा झाली. दोषसिद्धीचं प्रमाण शंभर टक्के.

खात्याने त्याला गस्तीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, बोल्ट आणि नट वेगळे करायला. गस्त एका ठेकेदाराला दिली. ठेकेदाराच्या नव्या माणसाला वाहिनी दाखवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून साहेबांनी पायपीटला एक दिवस पाठवलं. तेव्हा तो त्या माणसाला मागे बसवून स्वतः मोटरसायकल चालवत फाटकातून बाहेर पडला, सफाईने, एका हाताने. आम्ही सगळे बघत राहिलो. संध्याकाळी मी विचारलं की येत होती तर इतकी वर्षं चाललास कशाला. तो म्हणाला, "गाडीवर बसलं की माणूस रस्ता बघतो."

मुलीच्या कायम होण्याचा आदेश निकालानंतर आठव्या दिवशी आला. आदेश घ्यायला ती माझ्या टेबलाशी आली, सही केली, पण तिथून हलली नाही.

"काका, बाबांच्या त्या जबाबात काय होतं?"

मी सांगितलं. ती सगळं ऐकून घेईपर्यंत उभी होती, मग बसली.

"मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "असं मला वाटतं."

नोकरी तिने सोडली नाही. सोडायला हवी होती असं म्हणणारे आमच्यात काहीजण निघाले. त्यांतल्या एकानेही स्वतः काही सोडल्याचं मला आठवत नाही. तिने लांबच्या उपकेंद्रात बदली मागून घेतली. बाप-लेकीचं भांडण झालं असतं तर ते मिटलं तरी असतं. तसं काही झालंच नाही. सुट्टीला आली की ती त्याला तब्येत विचारायची, तो तिला प्रवास कसा झाला विचारायचा, आणि दोघे वहिनींशी बोलत बसायचे.

पायपीट निवृत्त झाला, क्वार्टर सोडावं लागलं. गावात एका सायकल दुकानाच्या वर त्यांनी खोली घेतली. पहिले काही दिवस ट्रान्सफॉर्मरचा आवाज नाही म्हणून वहिनी शिलाई मशीन उगाच चालू ठेवायच्या. माळावर तो जात नसे. बाजारापर्यंत आणि परत, एवढंच चालणं.

माझी नोकरी अजून दोन वर्षं बाकी होती. त्यात दुसऱ्या वाहिनीचा प्रस्ताव आला, पहिलीला समांतर, त्याच माळावरून. सल्लागार कंपनीने पर्यावरण अहवाल केला. त्यात एक वाक्य होतं : 'अस्तित्वातील वाहिनीखाली गेल्या दहा वर्षांत पक्षी दगावल्याची एकही नोंद नाही.' हे वाक्य माझ्या मासिक अहवालांवरून आलं होतं. त्यांच्या प्रती खऱ्या असल्याचा शिक्का मारायला माझ्याकडे पाठवल्या होत्या, एकशेवीस पानं. त्या दिवशी मात्र मी उठलो आणि स्टोअरमध्ये गस्तीचे जुने कागद शोधायला गेलो, त्याच्या अक्षरातले, 'इतर' रकान्यातले. त्या वर्षांचं शेल्फ रिकामं होतं. पाच वर्षांपलीकडचे कागद नियमाप्रमाणे रद्दीत जातात. नियमाप्रमाणे गेले होते. रद्दीच्या यादीवर सही माझीच होती. परत येऊन मी शिक्के मारले. हात दुखायला लागला म्हणून मध्ये एकदा थांबलो.

दुसरी वाहिनी उभी राहिली. तिच्याबरोबर माळाच्या कडेला, हमरस्त्यावर, एक निसर्ग परिचय केंद्रही आलं. गाड्या लावायला जागा, थंड पाण्याचं यंत्र, भिंतीवर माहितीचे फलक, आणि अंगणात चौथऱ्यावर माळढोकाचा फायबरचा पुतळा, खऱ्याच्या तिप्पट. मी निवृत्त झाल्यावर एकदा पायपीटला म्हटलं, चल बघून येऊ. तो नको म्हणाला. मग वहिनींनीच त्याला पिटाळलं. घरात बसून बसून पाय आखडतील, म्हणाल्या.

बसने गेलो. शाळेच्या मुलांची रांग पुतळ्यापुढे फोटो काढून घेत होती. पायपीट बाजूला थांबला. मुलं गेल्यावर जवळ गेला, उकिडवा बसला आणि पुतळ्याच्या पायाकडे बघत राहिला. पुतळ्याला पुढे तीन बोटं होती आणि मागे एक, कोंबडीला असतं तसं.

"मागचं बोट नसतं," तो म्हणाला. "तीनच असतात. चालणारा पक्षी आहे तो, फांदी धरून कधी बसत नाही. मागचं बोट त्याला कशाला?"

केंद्रावर बसणाऱ्या मुलीने हे ऐकलं. चांगली मुलगी होती. ती लगबगीने आतून अभिप्रायाची वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, हे यात लिहा ना. वरिष्ठ वाचतात. नक्की दुरुस्त करतील."

पायपीटने वही घेतली. आधीचे दोनतीन अभिप्राय वाचले. 'छान.' 'खूप माहिती मिळाली.' 'बसायला सावली हवी.' मग त्याने वही मिटून तिला परत दिली आणि चष्मा आणला नाही म्हणून सांगितलं. चष्मा त्याच्या शर्टाच्या खिशात होता, काडी बाहेर दिसत होती. त्या मुलीलाही ती दिसली असणार. तो फाटकाकडे चालू लागला.

मुलीने वही माझ्यापुढे धरली. मी पेन काढलं, तारीख घातली आणि लिहिलं : 'स्वच्छता चांगली आहे.'